खानदेशात अंडी उबवताना या चुका टाळा

घरगुती उबवणी यंत्रात कोंबडीची अंडी तापवण्याची सोय असते, थंड करण्याची नसते, आणि माझ्या मते खानदेशात फसणाऱ्या बऱ्याच उबवणींचे मूळ येथेच आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या यंत्रातील दिवा बंद असला तरी आतील तापमान उबवणीला लागणाऱ्या ३७.५ अंशांच्या वर चढत राहते. अंड्यातील जीव थोडा वेळ गारठला तरी बहुधा तगतो, परंतु ४० अंशांच्या वर काही तास गेले तर तो मरतो. म्हणून यंत्र धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) किंवा जाड भिंतींच्या गार खोलीत ठेवावे आणि शक्य असेल तर एप्रिल-मे महिन्यांत अंडी बसवूच नयेत. लहान यंत्राच्या तापमान-दर्शकावर एकट्यावर विसंबू नये. ताप मोजण्याचा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून आकडा ताडून पाहावा.

दुसरी चूक यंत्राच्या आधीच, अंडी साठवताना घडते. फलित अंडे चोवीस-पंचवीस अंशांच्या वर राहिले की आतील वाढ हळूहळू सुरू होते आणि ती अर्धवट राहिल्याने जीव दुबळा होतो किंवा मरतो. अंडी १५ ते १८ अंशांत आठवडाभर टिकतात. आपल्या उन्हाळ्यात मात्र तीन-चार दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नयेत. ती निमुळते टोक खाली करून ठेवावीत आणि धुऊ नयेत, कारण धुतल्याने कवचावरील संरक्षक थर निघून जातो.

ओलाव्याबाबत ऋतूप्रमाणे वागावे लागते. पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ओलावा हवा. कोरड्या उन्हाळ्यात पाणी खोल नव्हे, पसरट भांड्यात ठेवावे, कारण ओलावा पाण्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. त्याच खोलीत कूलर चालू असेल किंवा पावसाळा असेल, तर तेवढेच पाणी जास्त ठरते. ओलाव्याचा मापक खरा आहे का, हे पाहण्यासाठी ओलसर मिठासह तो बंद डब्यात काही तास ठेवावा. आकडा ७५ च्या जवळ यायला हवा.

अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत आणि अठराव्या दिवसापासून फिरवणे थांबवावे. वीज गेल्यास यंत्रावर गोधडी टाकावी, मात्र हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत.

सर्वांत जास्त पिल्ले घाईमुळे जातात. कवचाला टोच पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत चोवीस तासही लागू शकतात. तेवढ्यात झाकण वारंवार उघडले तर ओलावा निघून जातो आणि आतील पातळ पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. कवच सोलून मदत केल्यास रक्तवाहिन्या तुटून पिल्लू दगावते. बाहेर आलेले पिल्लू पोटातील बलकावर एक-दोन दिवस तगते, त्यामुळे ते पूर्ण वाळेपर्यंत आतच राहू द्यावे.

न फुटलेली अंडी फेकण्यापूर्वी फोडून पाहावीत. आत रक्ताचे कडे दिसले तर सुरुवातीच्या दिवसांत तापमान बिघडले असावे किंवा साठवण चुकली असावी. फुगलेले, ओले पिल्लू जास्त ओलाव्याची खूण असते, तर पापुद्र्याला चिकटलेले सुकलेले पिल्लू कमी ओलाव्याची. विसाव्या दिवसाआधी पिल्ले निघून बेंबी कच्ची राहिली, तर यंत्र जास्त तापले होते. बावीस दिवस उलटूनही टोच पडली नाही, तर ते कमी तापले होते.