दोन्हीकडे ५० हर्ट्झ, तरी सरळ जोडता येत नाही: ऑफशोअर ग्रिडमध्ये येणाऱ्यांसाठी माझी फजिती

गोव्यात सत्तरी तालुक्यातून रोज कदंबा बस पकडून बीई इलेक्ट्रिकल केलं, मग दोन वर्षं कुंडईला एका कारखान्यात मेन्टेनन्स, आणि तिथेच हे समुद्रातल्या पवनचक्क्या आणि देशादेशांच्या ग्रिडचं खूळ डोक्यात शिरलं. आता पणजीत भाड्याच्या खोलीत बसून एका कन्सल्टन्सीसाठी ग्रिड स्टडीज करतो. पण हे दुसऱ्या खेपेला जमलं, पहिल्या खेपेला सपशेल आपटलो.

एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी) काय, लांब समुद्री केबलला एसी का चालत नाही, हे तुम्हाला येतं असं धरतो. मलाही येत होतं, आणि तिथेच घात झाला. इंटरव्ह्यूत विचारलं, डेन्मार्कचं क्रिगर्स फ्लाक आणि जर्मनीचं बाल्टिक २, दोन विंड फार्म, मध्ये तीस किलोमीटरही नाहीत, कसे जोडशील? मी म्हटलं अंतर कमी, दोन्हीकडे ५० हर्ट्झ, एसी केबल टाकायची आणि मोकळं व्हायचं. "बरं, टाकलीस. मग जर्मनीच्या किनाऱ्यावर काय?" मी म्हटलं, सबस्टेशन. समोरचे हसलेही नाहीत, सरळ पुढच्या प्रश्नावर गेले.

केबलचं उत्तर बरोबर होतं हो, समुद्रात खरंच एसीच आहे. चुकलो किनाऱ्यावर. पूर्व डेन्मार्क नॉर्डिक ग्रिडमध्ये, स्वीडन-नॉर्वे-फिनलंडबरोबर, आणि जर्मनी मुख्य युरोपच्या ग्रिडमध्ये (पश्चिम डेन्मार्कसुद्धा जर्मनीच्याच बाजूला, एका देशात दोन ग्रिड, हे मला नंतर कळलं). समजा एकीकडे ५०.०० आणि दुसरीकडे ४९.९८. फरक ०.०२, कोण बघतो? पण हिशोब करा: २५ सेकंदांत दोन्ही व्होल्टेज बरोबर उलट्या टोकाला जातात, आणखी २५ सेकंदांनी जुळतात, परत फाकतात. अशा दोन ग्रिड ब्रेकर मारून जोडल्या तर प्रोटेक्शन सिस्टिम ती लाईन बंद पाडणारच. म्हणून रोस्टॉकजवळ बेंटविशला बॅक-टू-बॅक कन्व्हर्टर आहे, एसीचं डीसी आणि तिथल्या तिथे परत एसी. ४०० मेगावॅटचा हा जोड २०२० साली सुरू झाला. आणि कन्व्हर्टर जमिनीवर असल्यामुळे जर्मनीच्या बाल्टिक २ ची वीज नॉर्डिक ग्रिडशी सिंक्रोनस, म्हणजे एका लयीत असते, हे वाचून मी कपाळाला हात लावला.

यासाठी बाल्टिकपर्यंत जायची गरजच नव्हती. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला १००० मेगावॅटचं हेच मशीन आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर लाईनने दक्षिण ग्रिड बाकी देशाशी सिंक्रोनाइझ झाली, त्याआधी पश्चिम आणि दक्षिण असे कन्व्हर्टरमधून बोलायचे. बांगलादेशला आपण भेडामाऱ्याला आजही बॅक-टू-बॅकमधूनच वीज देतो, नेपाळ मात्र थेट एसीने जोडलाय. सगळीकडे ५० हर्ट्झच!

खरं म्हणजे मला हे कुंडईतच कळायला हवं होतं. लाईट गेली की डीजीवाले (डिझेल जनरेटरवाले) काका दोन जनरेटर पॅरलल करायचे, पॅनलवर सिंक्रोस्कोपची, म्हणजे दोघांची लय जुळली का दाखवणाऱ्या मीटरची, सुई गोल फिरायची आणि मी बाजूला उभा राहून फ्रिक्वेन्सी मीटर वाचून "झालं, मारा ब्रेकर" ओरडायचो. ते म्हणायचे, "आंकडो पळोवं नाका रे, सुई पळय." म्हणजे आकडा बघू नको, सुई बघ. सुई हळूहळू घड्याळासारखी बारावर आली की मगच हात हलायचा.

म्हणून सांगतो, मेंटॉर मेंटॉर करत लिंक्डइनवर हात जोडत फिरू नका, पाच मेसेजमधले चार जण कोर्स विकतात. वीकेंड सर्टिफिकेट तर घेऊच नका, सॉफ्टवेअरमध्ये बटणं कुठे आहेत एवढंच शिकवतात. त्यापेक्षा एन्ट्सो-ईच्या (युरोपातल्या ग्रिड कंपन्यांची संघटना) ट्रान्स्परन्सी प्लॅटफॉर्मवर देशादेशांमधले फ्लो फुकट दिसतात, महिनाभर रोज चहाबरोबर बघा. क्रिगर्स फ्लाकवर वाऱ्याच्या विजेला आधी जागा, उरेल ती व्यापाराला. म्हणजे वारा जोरात असताना ४०० मधले व्यापाराला किती उरणार, ते आधी स्वतः ताडून बघा. मार्केटचं बाकी नोकरीत कळतं, घाबरू नका, मी अजून शिकतोय. गणित कच्चं असेल तर मात्र घाबरा.

नोकरी लागल्यावर काकांना बेंटविशचं ड्रॉइंग दाखवलं. बराच वेळ बघून विचारलं, सुई कुठे आहे? म्हटलं, मध्ये डीसी आहे, दोन ग्रिड एकमेकांशी जुळवायचे नसतातच. "म्हणजे बारावर यायची वाट बघायची नाही?" असं म्हणून त्यांनी मोबाईल परत माझ्या हातात दिला, फार काही पटलेलं दिसलं नाही.