दुहेरी निवडताय? मग माथियास बोची कारकीर्द नीट बघा

मी मुलांना बॅडमिंटनची दुहेरी शिकवतो. नवीन बॅच सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो, "सर, एकेरीत काही जमेना, दुहेरीत तरी होईल का काही?" मुलगा पंधरा-सोळाचा असतो, राज्य पातळीवर दोन-तीनदा लवकर हरलेला असतो, आणि घरच्यांनी जवळपास आशा सोडलेली असते. अशा घरांना मी डेन्मार्कच्या माथियास बोची कारकीर्द तारखांसकट सांगतो. आपल्याकडे बरेच जण त्याला सात्विक-चिराग या भारताच्या दुहेरी जोडीचा माजी प्रशिक्षक म्हणूनच ओळखतात. खेळाडू म्हणून त्याने काय केलं, हे नव्या मुलांपर्यंत फारसं पोचलेलंच नाही.

बोचा जन्म जुलै 1980 चा, गाव फ्रेडरिकसुंड. जोडीदार कार्स्टन मोगेनसनबरोबर त्याने ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा पहिल्यांदा जिंकली ती 2011 मध्ये, म्हणजे वयाच्या तिशीत. लंडन ऑलिंपिकचं रौप्य 2012 मध्ये, तेव्हा तो 32 वर्षांचा. पुढच्या वर्षी ग्वांगझूला जागतिक स्पर्धेचं रौप्य. 2015 मध्ये पुन्हा ऑल इंग्लंड, तीही फू हायफेंग आणि झांग नान यांना अंतिम सामन्यात हरवून. 2017 मध्ये, छत्तिशीत, युरोपचं विजेतेपद. निवृत्ती एप्रिल 2020 मध्ये, चाळिशीला काही महिने राहिले असताना. सोळाव्या वर्षी "आता उशीर झाला" म्हणणाऱ्या पालकांनी ही वयं एकदा कागदावर लिहून काढावीत.

दुहेरीत वय इतकं साथ का देतं, हे कोर्टवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. इथे बरेचसे गुण पहिल्या चार फटक्यांतच ठरतात: सर्व्हिस, तिचा रिसीव्ह, तिसरा फटका, चौथा फटका. या चार फटक्यांत पायांपेक्षा डोळे आणि मनगट जास्त काम करतात. समोरच्याची रॅकेट कुठल्या कोनात वळतेय, तो अर्धं पाऊल आधीच पुढे झुकलाय का, हे ओळखायला हजारो सर्व्हिस घ्याव्या लागतात. ती नजर विशीत क्वचितच येते. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की रोजच्या सरावातला निदान अर्धा तास फक्त सर्व्हिस आणि रिसीव्हला द्या. कंटाळवाणं काम आहे, मुलांना स्मॅश मारायचा असतो. पण बॅकहँड सर्व्हिस नेटच्या पट्टीला घासून जाऊ लागली की निम्मा सामना सोपा होतो.

बो डावखुरा, मोगेनसन उजवा. अशी जोडी प्रशिक्षकांना आवडते, कारण मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून फोरहँडने हल्ला करता येतो. पण तिची एक अडचणही आहे आणि ती नवख्यांना आधी समजली पाहिजे. दोघं बचावासाठी बाजूबाजूला उभे असताना डावखुरा उजवीकडे असेल, तर दोघांचेही फोरहँड मधोमध येतात. जागा बदलल्या की मधोमध दोघांचे बॅकहँड. म्हणजे मधून आलेल्या शटलवर कोणी जायचं, याचं उत्तर दर रॅलीत, कधीकधी एकाच रॅलीत दोनदा, बदलतं. हे बोलून ठरवायला वेळच नसतो. एकमेकांची सवय लागेपर्यंत वर्षं जातात. बो आणि मोगेनसन यांनी दहा वर्षं एकत्र काढली म्हणून ते जमलं. आपल्याकडे एक स्पर्धा हरली की पालक जोडीदार बदलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन वर्षं तरी द्या हो एकमेकांना!

ही दहा वर्षं सुरळीत गेली असंही नाही. जानेवारी 2016 मध्ये भारतात प्रीमियर बॅडमिंटन लीग चालू असताना मोगेनसनला मेंदूत रक्तस्राव झाला. ऑलिंपिक वर्ष होतं ते. त्याच ऑगस्टमध्ये दोघं रिओला खेळले. गटातूनच बाहेर पडले, पण पुढच्याच वर्षी ते युरोपविजेते होते. जोडीदाराच्या आजारपणात थांबायचं की नवा शोधायचा, हा प्रश्न आपल्या मुलांपुढेही येतो. मी या जोडीचं उदाहरण देतो आणि निर्णय त्यांच्यावर सोडतो.

डेन्मार्कबद्दल थोडं. लोकसंख्या साधारण 60 लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढी. तरी तिथून पिढ्यानपिढ्या जागतिक दर्जाच्या जोड्या निघतात. 2003 मध्ये पास्के आणि रासमुसेन जगज्जेते होते, त्यांच्यामागून बो-मोगेनसन आले. याचं मूळ क्लबमध्ये आहे. गावोगावी स्वयंसेवकांनी चालवलेले क्लब, संध्याकाळी एकाच हॉलमध्ये वेगवेगळ्या वयाचे लोक, आणि वर क्लबांची लीग. कोपनहेगनजवळ ब्रॉन्डबीला राष्ट्रीय सराव केंद्र आहे, तिथे एकमेकांचे प्रतिस्पर्धीच एकत्र सराव करतात. आपल्याला तो हॉल आणता येणार नाही, पण एक गोष्ट नक्की उचलता येते: चौदा वर्षांच्या जोडीने आठवड्यातून दोनदा तरी पस्तिशी-चाळिशीतल्या कसलेल्या क्लब खेळाडूंशी खेळावं. ते काका धावत नाहीत, पण शटल कुठे टाकायचं ते त्यांना नेमकं ठाऊक असतं.

महाराष्ट्राशी बोचं नातं खरं आहे. प्रीमियर लीगच्या 2018-19 च्या मोसमात तो पुणे सेव्हन एसेसकडून खेळला, आणि त्याच संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता. पुढे 2021 मध्ये बो भारताच्या दुहेरीचा प्रशिक्षक झाला. टोकियो ऑलिंपिकला सात्विक-चिरागने गटातले तीनपैकी दोन सामने जिंकले, त्यातला एक तर पुढे सुवर्ण मिळवणाऱ्या तैवानच्या ली यांग-वांग ची-लिन यांच्याविरुद्धचा. तीन जोड्यांचे विजय सारखे झाले आणि गेमच्या फरकात आपले बाहेर गेले. तो निकाल आजही सलतो. मग 2022 चा थॉमस कप, म्हणजे पुरुष संघांची जागतिक स्पर्धा आली. उपांत्य फेरीत भारताने बोच्याच डेन्मार्कला 3-2 ने हरवलं, त्यात सात्विक-चिरागचा विजय मोलाचा होता. 2023 मध्ये या जोडीला आशियाई अजिंक्यपद, इंडोनेशिया ओपन, हांगझो आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण आणि जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला उपांत्यपूर्व फेरीत हार झाली आणि बोने प्रशिक्षकपद सोडलं.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर लंडन 2012 चा उपांत्य सामना शोधा. समोर कोरियाचे जुंग जे-सुंग आणि ली योंग-डे, पहिला गेम डेन्मार्कने गमावलेला, तिसरा गेम 22-20 ला संपलेला. पहिल्यांदा नुसता आनंदाने बघा. दुसऱ्यांदा फक्त तिसरा गेम लावा आणि शटलकडे न बघता एकट्या बोकडे बघा: सर्व्हिस झाल्यावर रॅकेट किती लवकर वर येते, मधून आलेलं शटल तो कधी घेतो, कधी सोडतो. जोडीदाराला शेजारी बसवा. दर रॅलीनंतर थांबवा आणि तिथे तुम्ही दोघं असतात तर कोण गेलं असतं, ते एकमेकांना सांगा.