सातवीची ताई, दुसरीचा वाचक: वाचनजोड्या बसवण्याआधीची तयारी

सातवीच्या मुलाशेजारी दुसरीतले मूल बसवले आणि मध्ये एक पुस्तक ठेवले की वाचन आपोआप सुरू होईल, असे धरून चालू नका. तसे केले तर दोन आठवड्यांत थोरला स्वतःच सगळे वाचून दाखवू लागतो आणि धाकटा नुसती मान डोलावतो. म्हणून तयारीतला निम्म्याहून जास्त वेळ थोरल्यांसाठी राखा. पुढची यादी आठवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेला आणि बारा जोड्यांना धरून आहे.

आधी वेळ ठरवा. दहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पंचवीस मिनिटे, एवढे पुरते. आठवड्यातून एकदाच तास दीड तास बसण्यापेक्षा हे बरे, कारण नवे वाचणाऱ्या मुलाचे शब्द आठ दिवसांच्या खंडात पुसट होतात. जुलैच्या सुरुवातीला चालू केले तर गणपतीच्या सुट्ट्या धरूनही प्रथम सत्राच्या परीक्षेआधी दहा आठवडे मिळतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गावात असतील तर हे वेळापत्रक मोडू नका, कारण दिवाळीच्या आसपास ती मुले निघून जातात. परिपाठानंतरची तासिका सर्वांत चांगली. पोषण आहारानंतर लगेच बसलात तर धाकटे पेंगतात. खेळाच्या तासाला बसवले तर वाचन ही शिक्षा वाटते. थोरल्यांचा दर वेळी गणिताचाच तास बुडणार नाही, एवढे वर्गशिक्षकांशी आधी बोलून घ्या, नाहीतर महिन्याभरात पालक विचारायला येतात आणि त्यांचे बरोबरच असते.

मग धाकट्यांची पातळी बघा. ग्रामीण भागातल्या मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणातली पद्धत इथे पुरेशी आहे. प्रत्येकाला एकटे बाजूला घ्या आणि आधी चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्या. तो तीनपेक्षा जास्त चुका न करता, वाक्यासारखा वाचला तर गोष्ट द्या. अडखळला तर सुटे शब्द द्या, तेही जमले नाहीत तर अक्षरे. पाचपैकी चार आली की ती पातळी आली असे धरायचे. पाठ्यपुस्तकातला धडा मात्र देऊ नका. तो कित्येकांना पाठ असतो आणि बोट भलत्याच ओळीवर असताना तोंड बरोबर बोलत राहते. जे मूल अजून अक्षरांवरच आहे, त्याला जोडीत घालण्याची घाई करू नये. त्याला शिक्षकांची गरज आहे, आणि ती जबाबदारी बारा वर्षांच्या मुलावर टाकणे योग्य नाही. शब्द आणि परिच्छेद या पातळीवरची मुले जोडीसाठी उत्तम.

थोरले निवडताना वर्गातले पहिले पाच नंबर उचलू नका. भराभर वाचणाऱ्या हुशार मुलाला थांबणे सर्वांत जड जाते. स्वतः थोडे अडखळत वाचणारी सहावी-सातवीची मुलेही घ्या. दुसरीचे पुस्तक मोठ्याने वाचण्यासाठी त्यांना मानाचे कारण मिळते आणि त्यांचेही वाचन सुधारते. अट एकच: त्या दिवशीचे पुस्तक त्यांनी आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचलेले असावे. सख्खी भावंडे एका जोडीत नकोत, घरातली भांडणे पुस्तकावर येतात. घरची बोली जुळत असेल तर आवर्जून जुळवा. अहिराणी, कोरकू, भिली किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला अडलेल्या शब्दाचा अर्थ ताई एका शब्दात सांगू शकते. बारा जोड्यांसाठी चौदा थोरले तयार ठेवा, रोज कोणीतरी गैरहजर असतेच.

थोरल्यांचे शिक्षण चाळीस मिनिटांच्या दोन बैठकांत करा. पहिल्या बैठकीत फक्त थांबायला शिकवा. धाकटा अडला की मनात पाचपर्यंत मोजायचे, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. मग एकच खूण द्यायची: चित्र बघ, किंवा पहिले अक्षर आणि त्याची मात्रा म्हण, किंवा वाक्य पहिल्यापासून घे. तरीही आले नाही तर शब्द सांगून टाकायचा आणि पुढे जायचे, एका शब्दावर मिनिटभर रेंगाळायचे नाही. मधेच चुकीचे वाचले तर वाक्य संपेपर्यंत बोलायचे नाही, कारण बरीच मुले अर्थ लागला नाही की स्वतःच मागे येतात आणि तीच खरी शिकण्याची जागा असते. हे सांगून भागत नाही, करून घ्यावे लागते. दोन थोरले समोरासमोर बसवा, एकाने मुद्दाम चुकत वाचायचे, दुसऱ्याने थांबायचे. ‘एवढंही येत नाही?’ हे वाक्य पहिल्याच दिवशी बाद करा. नुसते ‘छान’ही कमी पडते. ‘अडलास, मागे गेलास आणि बरोबर वाचलंस’ असे नेमके सांगायला शिकवा.

दुसरी बैठक मराठीतल्या अडचणींची. पहिली वेलांटी डोळ्याला अक्षराआधी दिसते आणि तोंडातून अक्षरानंतर येते, म्हणून ‘किती’, ‘दिवा’ इथे मुले गोंधळतात. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या हमखास चुकतात. ‘र’ची रूपे, म्हणजे ‘सूर्य’, ‘प्राणी’, ‘ट्रक’, ‘वाऱ्यावर’, फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा. ‘चहा’ आणि ‘चाक’, ‘जेवण’ आणि ‘जागा’ यांतला फरक लिपीत दिसत नाही, तो कानानेच कळतो, तेव्हा तिथे ताईने शब्द म्हणून दाखवावा. ‘क...म...ळ’ असे तोडून वाचणाऱ्याकडून तीन अक्षरे एका श्वासात म्हणवून घ्यावीत. आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारे मूल चुकलेले नाही. त्याने शब्द बरोबर ओळखला आहे, तो त्याच्या घरच्या उच्चारात म्हटला एवढेच. तिथे टोकले तर ते हळूहळू मोठ्याने वाचणेच सोडते.

साहित्य फार लागत नाही. निदान छत्तीस पुस्तके जमवा, प्रत्येक जोडीच्या पिशवीत तीन. पानावर दोन ते चार ओळी, ठळक टाइप, मोठी चित्रे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पहिल्या आणि दुसऱ्या पातळीच्या मराठी गोष्टी मोफत मिळतात, त्या छापून मध्ये टाचता येतात. वीस शब्दांत दोनपेक्षा जास्त अडले तर पुस्तक अवघड आहे, बदला. शब्दकार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू चांगली, कागद जाड असतो. एका कार्डावर एकच शब्द, जाड स्केचपेनने. ओळीखाली सरकवायला पुठ्ठ्याची पट्टी आणि एक शंभर पानी वही, बस्स.

बसायची जागा आदल्या दिवशी खडूने आखा. बारा जोड्या एका खोलीत मोठ्याने वाचू लागल्या की कोणालाच काही ऐकू येत नाही, तेव्हा सहा वर्गात आणि सहा व्हरांड्यात, दोन जोड्यांत निदान पाच फूट अंतर. दोघांनी शेजारी बसायचे. पुस्तक धाकट्याच्या हातात आणि पान उलटणाराही तोच. समोरासमोर बसले की पुस्तक एकाला उलटे दिसते, आणि ते थोरल्याकडे गेले की धाकट्याचे बोट ओळीवरून निसटते.

पंचवीस मिनिटांची वाटणी वहीच्या आतल्या पानावर चिकटवून ठेवा. तीन मिनिटे कालचे पुस्तक पुन्हा, दहा मिनिटे नवे, पाच मिनिटे अडलेल्या शब्दांची कार्डे (एका दिवशी पाचच), पाच मिनिटे ताई वाचणार आणि धाकटा ऐकणार, शेवटची दोन मिनिटे नोंदीची. ताईच्या वाचनाची पाच मिनिटे वेळ कमी पडला तरी कापू नका. वाक्य कुठे तोडायचे, प्रश्नाला आवाज कसा चढतो, हे धाकट्याला तिथेच ऐकायला मिळते. नोंद तीन गोष्टींची: तारीख, पुस्तकाचे नाव, अडलेले शब्द. गुण किंवा टक्के लिहू देऊ नका, जोड्यांत चढाओढ लागते आणि पुस्तके भराभर उरकली जातात.

शिक्षकांनी रोज दोन जोड्यांजवळ शांत बसावे आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटे फक्त थोरल्यांना भेटावे. ‘तो बोलतच नाही’, ‘ती मला पाठ म्हणून दाखवते’ अशा तक्रारी तिथेच सुटतात: पहिल्याला गोष्ट आधी वाचून दाखवायची, दुसरीला वाक्य मधूनच कुठूनतरी वाचायला सांगायचे. पाचव्या आणि दहाव्या आठवड्यात पातळी पुन्हा बघा, परिच्छेद मात्र नवा घ्या. पाचव्या आठवड्यात जिथे काहीच हलले नसेल तिथे आधी पुस्तक बदला, मग जोडी, आणि तरीही नाही हलले तर ते मूल पुन्हा शिक्षकांकडे घ्या. त्याची नजर आणि कान तपासून घ्यायला पालकांना सांगा.