प्रकटीकरण वाचताना या चुका टाळा

मे २०२० मध्ये अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांत टोळधाड आली. मोर्शी, वरूड, काटोलकडच्या संत्राबागांत लोक डबे-ताटल्या बडवत होते आणि मोबाईलवर बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, म्हणजे प्रकटीकरणाचा, ९वा अध्याय फिरत होता: ‘बघा, भविष्य पूर्ण झालं!’

पाठवणाऱ्यांनी चौथं वचन वाचलंच नसावं. तिथल्या टोळांना गवत, हिरवळ, झाड, कशालाच हात लावायचा नाही अशी ताकीद आहे. त्रास द्यायचा तो कपाळावर देवाचा शिक्का नसलेल्या माणसांना, तोही पाच महिने. शिवाय त्यांना माणसांची तोंडं आणि बायकांसारखे केस आहेत. आपल्याकडचे टोळ तर हिरव्यावरच पडले होते! बातमी आधी आणि वचन नंतर, ही सगळ्यात मोठी चूक. अशा चित्रांचं मूळ बहुतेक वेळा जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, सापडतं. इथं आधी त्यातली निर्गम १० आणि योएल वाचा. योएलातले टोळ खरोखर पीक खातात, शेतकरी आक्रोश करतात.

दुसरी चूक श्वापदाच्या, म्हणजे देवाविरुद्ध उठलेल्या सत्तेच्या, खुणेची: नवं काही आलं की ‘हीच ती खूण’ म्हणायचं. बारकोड झाला, आधार झालं, मग कोरोनाची लस. रेशन दुकानात अंगठा लावायलाही काही जण कचरतात. अहो, अंगठा लावा, धान्य घ्या. १३व्या अध्यायात खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर आहे, पण लगेच १४:१ मध्ये कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं आहे. त्याला कुणी चिप म्हणत नाही. मग दोन्हीकडे एकच नियम लावा: हा माणूस कुणाचा, भक्ती कुणाची करतो? श्वापदाचा आकडा ६६६, त्याबद्दल बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की हिब्रू अक्षरांच्या बेरजेनं तो आकडा रोमी सम्राट नीरो कैसराकडे बोट दाखवतो. काही जुन्या हस्तलिखितांत तर तो ६१६ आहे.

हे पुस्तक पहिल्यांदा ऐकलं ते आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांनी (ख्रिस्ती समुदायांनी), रोमी राजवटीत. हे विसरलं की ६व्या अध्यायातला काळा घोडा कळत नाही. त्याच्या स्वाराच्या हातात तराजू आहे आणि भाव सांगितलाय: एका दीनाराला शेरभर गहू. दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज (मत्तय २०), आणि तेवढा गहू एका माणसाला जेमतेम एक दिवस पुरतो. लेकरांनी काय खायचं? सोंगणीला जाणाऱ्या बाईला हे समजवायला पाळक लागत नाही.

तारखा काढू नका. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या अनुयायांनी ख्रिस्त परत येण्याची तारीख २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती, तो दिवस आला नि गेला. ‘तो दिवस कुणालाच ठाऊक नाही’ हे मत्तय २४:३६ त्यांच्याही बायबलात होतं.

अडलात तर १:२० आणि १७:९ ते १८ बघा. तारे, समया, डोकी, पाणी, ती स्त्री, यांचा अर्थ तिथं दिलेला आहे. २०व्या अध्यायातल्या ख्रिस्ताच्या राज्याच्या हजार वर्षांचं मात्र तसं नाही. जुन्या काळचा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीननं ती मंडळीच्या चालू काळाला लावली, कित्येक जण ती अजून यायची आहेत असं धरतात. त्या वादापायी एकमेकांच्या घरच्या प्रार्थनेला जाणं तेवढं बंद करू नका.