डावखुऱ्या मुलासाठी कमी धक्क्याची रायफल कशी निवडावी

परदेशांत डावखुऱ्या मुलासाठी सौम्य रायफल म्हटले की हरणाच्या शिकारीतली .२४३ विंचेस्टर सुचवली जाते, कारण अधिक ताकदीच्या .३०-०६ रायफलीच्या तुलनेत गोळी सुटताना खांद्याला बसणारा तिचा धक्का साधारण निम्मा असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई असल्यामुळे येऊरच्या जंगलातले चितळ पाहण्यापुरतेच आहे, आणि ठाणे किंवा नवी मुंबईतल्या पालकांसमोरचा खरा प्रश्न १० मीटर एअर रायफलीचा आहे. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. मात्र धक्क्याविषयीची काळजी काही प्रमाणात येथेही लागू होते, कारण धक्क्याची धास्ती बसलेले मूल ट्रिगर दाबण्याआधीच दचकते आणि ही खोड पुढे सहजासहजी सुटत नाही.

रायफल पाहायला जाण्यापूर्वी मुलाचा डोळा तपासावा. दोन्ही हात लांब करून पंजांच्या मध्ये लहानशी फट ठेवण्यास सांगावे, त्या फटीतून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहायला लावावी आणि मग एकेक डोळा मिटवावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच दिसत राहते, तो प्रबळ डोळा. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा उजवा डोळा प्रबळ असणे मुळीच दुर्मीळ नाही. अशा वेळी, प्रशिक्षकाचे वेगळे मत नसेल तर, उजव्या खांद्यावरून नेमबाजी सुरू करावी असे माझे मत आहे, कारण ज्याला अजून कोणतीच सवय लागलेली नाही त्या मुलाच्या हाताला नवे वळण लावणे डोळ्याला वळण लावण्यापेक्षा सोपे जाते. डावाच खांदा पक्का झाला असेल, तर उजव्या डोळ्यासमोर अर्धपारदर्शक पट्टी लावता येते. स्पर्धेच्या नियमांत ती ३० मिलिमीटर रुंदीपर्यंत चालते.

डावखुरी रायफल म्हणजे केवळ उलट्या बाजूचा लिव्हर (छर्रा भरण्यासाठी ओढायचा दांडा) नव्हे. डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा गाल बटाच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या) उजव्या बाजूला टेकतो, त्यामुळे गालाची पट्टी त्या बाजूने घडवलेली हवी आणि पिस्टल ग्रिप, म्हणजे ट्रिगरमागची मूठ, डाव्या तळव्यात बसणारी हवी. उजव्या हाताच्या साच्यातली ग्रिप डाव्या हाताने धरली की अंगठ्याचा उंचवटा नको तिथे टोचतो आणि मनगट पिळले जाते. ‘सवय होईल’ असे दुकानदार म्हणतात. या एका बाबतीत त्यांचे ऐकू नये. लिव्हरची अडचण एअर रायफलीत तरी निभावते, कारण छर्रा भरताना रायफल स्टँडवर टेकलेली असते, परंतु पुढे मूल ५० मीटरच्या .२२ रायफलीकडे वळले की रायफलीच्या पट्ट्यात अडकलेला आधाराचा हात बोल्टसाठी (गोळी भरताना मागे-पुढे करायच्या खटक्यासाठी) सोडावा लागतो आणि जमवलेली बैठक मोडते. काही कंपन्या दोन्ही हातांना चालणारा सममित बट देतात. वाढत्या वयाच्या मुलासाठी आणि पुढे विकण्यासाठीही तो बरा.

मापासाठी मुलाची कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या खाचेत टेकवावा. तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर नैसर्गिकपणे आले पाहिजे. बटाची लांबी व गालाची पट्टी दोन्ही सरकवता येणारी असावीत, म्हणजे मूल वाढले तरी रायफल बदलावी लागत नाही. नियमाने वजनाची मर्यादा ५.५ किलो असली, तरी लहान मुलासाठी साधारण साडेतीन किलोची ज्युनियर रायफल पुरेशी आहे. जड रायफल धक्का शोषते हे खरे, पण ती उचलताना मूल कमरेतून मागे वाकते आणि पाठ दुखू लागते.

धक्क्याचा फरक यंत्रणेत आहे. स्प्रिंगच्या रायफलीत जड पिस्टन पुढे धावतो आणि आदळतो, त्यामुळे छर्रा नळीत असतानाच ती मागे व पुढे असे दोन झटके देते. दाबलेल्या हवेच्या, म्हणजे पीसीपी रायफलीत असा हलणारा जड भाग नसल्यामुळे धक्का नगण्य असतो. स्प्रिंगची रायफल काही हजारांत मिळते, आयात पीसीपी लाखांच्या घरात जाते. म्हणून पहिले काही महिने क्लबची रायफल वापरून मूल टिकते का ते पाहावे.

४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागतो, आणि स्पर्धेच्या रायफली या मर्यादेत बसतात. तरीही छर्रा डोळा फोडू शकतो, म्हणून रायफल कुलपात राहावी आणि सोसायटीच्या गॅलरीतून सराव कधीही होऊ नये.

जुनी पीसीपी घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचावी: स्पर्धेत त्याची वैधता जास्तीत जास्त दहा वर्षे धरली जाते आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो. खाडीकाठच्या दमट हवेत हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर पाणीही आत जाते, तेव्हा पावसाळ्यात तरी पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर लावावा किंवा क्लबमध्येच कोरडी हवा भरून घ्यावी.