बाणावरचा शब्द वाचा: संकल्पना नकाशातून मुलांची समज तपासताना

बी.एड.च्या आंतरवासितेत (शाळेतल्या शिकवण्याच्या सरावात) नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीकडची, द्राक्षबागांच्या भागातली शाळा मिळाली, तर प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या घडाघडा म्हणणारी मुलं हमखास भेटतील. त्याच मुलांना संकल्पना नकाशा, म्हणजे शब्द चौकटींत मांडून बाणांनी जोडायची आकृती, काढायला बसवा. ‘खत’ आणि ‘द्राक्षवेल’ यांच्यामधल्या बाणावर कुणीतरी लिहितंच, ‘हे अन्न आहे’. घरच्या बागेत ड्रिपमधून खत सुटताना रोज दिसतं, त्यापुढे पुस्तकातली व्याख्या लंगडी पडते. घटक चाचणीत ही चुकीची समजूत झाकलेली राहते, नकाशात ती बाणावर येऊन बसते.

हे तंत्र जोसेफ नोव्हाक यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विकसित केलं, मुलांची विज्ञानाची समज कशी बदलत जाते ते टिपण्यासाठी. चौकटीत संकल्पना, दोन चौकटींमध्ये बाण आणि बाणावर जोडशब्द. तिन्ही मिळून एक विधान होतं: ‘हरितद्रव्य – शोषून घेते – सूर्यप्रकाश’. गुण द्यायचे ते या विधानाला. नवे शिक्षक चौकटी मोजतात, पण त्यांतले शब्द तर आपणच दिलेले असतात!

पहिल्याच दिवशी धड्यावरचा नकाशा मागू नका. आधी एक तास सरावाला द्या, विषय ओळखीचा घ्या: कांदा, कांदाचाळ, पाऊस, भाव, लासलगावचा बाजार. तंत्र न आल्यामुळे कोरा राहिलेला कागद आणि विषय न आल्यामुळे कोरा राहिलेला कागद दिसायला सारखेच असतात, म्हणून हा तास वाया जात नाही.

मूल्यमापनाच्या दिवशी फळ्यावर एकच प्रश्न लिहा: ‘द्राक्षवेलीचं अन्न कुठे आणि कशापासून तयार होतं?’ खाली दहा-बारा शब्द: पान, हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड, पर्णरंध्रे, मुळे, खत, खनिजे, ग्लुकोज, ऑक्सिजन. प्रश्न न देता नुसतं ‘प्रकाशसंश्लेषण’ लिहिलं, तर मुलं पुस्तकातली आकृती उतरवतात. शब्द चिठ्ठ्यांवर लिहून घेऊ द्या. आधी मांडायचे, सरकवायचे, मगच चिकटवायचे. बाण शिसपेन्सिलने, कागद ए-थ्री. वहीच्या पानावर बाणावर लिहायला जागाच उरत नाही, आणि मग मुलं नेमका जोडशब्द गाळतात. पंचवीस मिनिटं पुरतात. गटात काढलेला नकाशा शिकवायला छान, पण कोणाला काय येतं हे त्यातून कळत नाही.

चुका ठरावीक असतात. बाणावर ‘संबंधित आहे’ लिहिलेलं असतं: याचा अर्थ नातं आहे एवढं माहीत आहे, कोणतं ते नाही. चौकटीत अख्खं वाक्य कोंबलेलं असतं. किंवा सगळे शब्द आगगाडीच्या डब्यांसारखे एका ओळीत, बहुतेकदा पुस्तकातल्या परिच्छेदाच्याच क्रमाने. तिथे विधानं बरोबर असली तरी पाठांतराची शंका घ्यावी.

गुणांकनाची एक प्रसिद्ध पद्धत नोव्हाक आणि त्यांचे सहकारी गोविन यांनी 1984 मध्ये मांडली: योग्य विधानाला 1, उतरंडीच्या (व्यापक संकल्पना वर, विशिष्ट खाली) प्रत्येक योग्य पातळीला 5, नकाशाच्या दोन वेगळ्या भागांना जोडणाऱ्या योग्य आडव्या जोडणीला 10, उदाहरणाला 1. शालेय वर्गात ती जशीच्या तशी वापरू नये असं आमचं मत आहे. एका आडव्या बाणाला 10 गुण मिळतात हे कळलं की मुलं वाट्टेल तिथे बाण ओढतात, आणि तो योग्य की अयोग्य यावर तपासणाऱ्यांचंच एकमत होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक विधानाला 0 ते 3 द्या: चूक 0, मोघम 1, बरोबर पण अपुरं 2, नेमकं 3. ‘पान – ग्लुकोज’मध्ये ‘असते’ला 1, ‘तयार करते’ला 3. शिक्षकाने आपला नकाशा आधी काढून ठेवावा, आणि दोघा शिक्षकांनी तेच पाच कागद वेगवेगळे तपासून गुण ताडून पाहावेत. एका कागदाला चार मिनिटं धरली, तर पन्नासच्या वर्गाला तीन तासांहून जास्त जातात. म्हणून सत्रात दोन-तीन घटकांनाच हे करा.

नाशिक जिल्ह्याच्याच सुरगाणा-पेठ या आदिवासी भागात घरी कोकणा बोली बोलणाऱ्या मुलांचे जोडशब्द त्यांच्या बोलीत आले तर चालवून घ्या, अर्थ विचारून गुण द्या. ज्याचा अर्थ लागत नाही अशा कुठल्याही बाणापाशी मुलाला ‘हे वाक्य करून सांग’ म्हणा; अनेकदा मुलाला बरोबर माहीत असतं, शब्द सापडलेला नसतो. गणिती उदाहरणं किंवा प्रयोगाची कृती यांसाठी मात्र हे साधन नाही.

आणि त्या ‘खत’वाल्या बाणाचं काय? तो लगेच खोडायला लावू नका. मॅग्नेशियम कमी पडलं की जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो, हे बागायतदाराच्या पोराने पाहिलेलं असतं. मॅग्नेशियम हे खतातून मिळणारं खनिज हरितद्रव्याचाच घटक. तेवढं सांगून, धडा संपल्यावर त्याच कागदावर निळ्या पेनने दुरुस्ती करायला द्या. ‘खत – पुरवते – खनिजे’ आणि ‘हरितद्रव्य – तयार व्हायला लागतात – खनिजे’ असे दोन बाण निळ्यात आले, तर जुनी समजूत सुटायला लागली आहे असं धरा. नुसताच जुना बाण खोडलेला असेल, तर तो धडा पुन्हा घ्यावा लागेल.