बोअरला हलका धक्का द्या, खडक कळेल
खडकातून पाणी किती सहज वाहतं ते बघायला दिवसभर पंप चालवायची गरज नाही. आधी पाण्याची पातळी दोन-तीनदा मोजा. हलत असेल तर थांबा. मग दोन्ही तोंडं बंद केलेला, वाळू भरलेला पाइप दोरीने झटकन पाण्यात बुडवा. पातळी चढेल, समजा 40 सेंमी. आता नजर घड्याळावर आणि टेपवर. पहिली मिनिटं मोलाची. मी एकदा नेमका तेव्हाच तंबाखू मळत बसलो, चाचणी वाया! चढ ओसरून 37 टक्क्यांवर, म्हणजे 15 सेंमीच्या आसपास, यायला किती वेळ लागला ते लिहा. खडकाची पाणी वाहू देण्याची क्षमता काढायच्या ह्वॉर्स्लेव यांच्या 1951 च्या सूत्रात तोच वेळ घालायचा. भेगाळ बेसाल्टात काम पटकन उरकतं. घट्ट पाषाणात चहा काय, जेवणही होतं. पाइप वर ओढून उलटंही मोजा. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा बुडवा.